कोऱ्या रक्ताची काच

आमच्या ताडगुड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘डोळा’ आला, त्या दिवशी मी घरी जाऊन झणझणीत पाटोडीचा रस्सा केला आणि एकटीनेच खाल्ला. राग आला की मी तिखट करते. डोळा हे लोकांनी ठेवलेलं नाव. त्या मशीनला रक्ताची काच भरवायची, की दोन मिनिटांत ते सांगतं, मलेरिया आहे की नाही. मी एक काच वाचायला दहा मिनिटं घेत असे, आणि तेव्हा मला ते काम करून सत्तावीस वर्षं झाली होती. माझं नाव सुलोचना भांडेकर, लॅब टेक्निशियन. आडनावाला जागून मी वरिष्ठांशी भांडून पाहिलं. उपयोग शून्य.

त्यानंतर माझ्या डोळ्यांना एकच काम उरलं. रंगाची नवी बाटली आली की तो रंग नीट चढतो का, हे बघायचं. त्यासाठी रोग नसलेल्या माणसाच्या रक्ताची काच लागते. आम्ही तिला कोरी काच म्हणतो. नियमात लिहिलंय, ‘ज्ञात निरोगी व्यक्तीचे रक्त’. आता सकाळी आठ वाजता ज्ञात निरोगी व्यक्ती आणायची कुठून? म्हणून मीच. दर महिन्याला डाव्या अनामिकेला टोचायचं, काच रंगवायची, लाल पेशी गुलाबी आणि पांढऱ्यांचं केंद्रक जांभळं दिसलं की काच डब्यात. एकतीस वर्षांत त्या बोटाला घट्टा पडला. वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांचीही तपासणी असते. त्या यादीत माझ्या नावापुढे ‘निगेटिव्ह’ मीच लिहायची, कारण माझं रक्त तर मी दर महिन्याला बघत होते. बघत होते तो नुसता रंग, हे आता सांगतेय.

केंद्राच्या व्हरांड्यात एक काळा फळा आहे. त्यावर ‘स्थानिक मलेरिया रुग्णाविना दिवस’ असं रंगवलेलं आणि पुढे खडूने आकडा. एक हजार पंच्याण्णव दिवस, म्हणजे तीन वर्षं, तालुक्यात स्थानिक रुग्ण निघाला नाही की तालुका मलेरियामुक्त. रोज सकाळी तो आकडा बदलायची बिरजी पुंगाटी, आमची परिचर. झाडलोट, पाणी, चहा आणि माडिया पेशंटचं दुखणं मला मराठीत सांगणं, हे सगळं तिच्याकडे. शाळेत गेली दोनच वर्षं, पण आकडे काढते ते छापल्यासारखे. तिचं घर माझ्या क्वार्टरला लागूनच. ती सगळ्यांना ‘तू’ म्हणते, एकदा कलेक्टरलाही म्हणाली होती, आणि कलेक्टर छान हसले होते.

फळ्यावरचा ‘स्थानिक’ हा शब्द लक्षात ठेवा. रुग्ण निघाला की रजिस्टरात एक रकाना भरावा लागतो, ‘स्थानिक’ की ‘बाहेरून’. बाहेरून आलेल्या तापाने आकडा मोडत नाही. त्या तीन वर्षांत आमच्याकडे तीनदा ताप निघाला, तिन्ही वेळा बिरजीच्या घरात. आधी तिचा नवरा लालसू. पुढच्या पावसाळ्यात ती स्वतः. दोन्ही वेळा ती इंद्रावतीच्या पलीकडे माहेरी जाऊन आलेली होती आणि तिकडे मलेरिया अजून आहे. मी ‘बाहेरून’ लिहिलं आणि तिला बजावलं, “बिरजी, आता माहेरी जाऊ नको. तू जातेस न् ताप घेऊन येतेस. साऱ्या तालुक्याची मेहनत पाण्यात जाईन.” तिने ऐकलं. दोन वर्षं गेली नाही.

तिसऱ्यांदा ताप आला तो तिच्या सुनेला, सोमीला, सातव्या महिन्यात. सोमी वाचली, बाळही वाचलं, पावणेदोन किलोचं. मी रजिस्टर उघडलं तेव्हा बिरजी समोर उभी होती.

“मी नाही गेली मॅडम,” ती म्हणाली. “मातीची शपथ. नदीपर्यंतही नाही गेली.”

मला ते खरं वाटलं नाही. ताप काय आभाळातून पडतो? लपूनछपून गेली असेल, असं म्हणून मी तिसऱ्यांदा ‘बाहेरून’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फळ्यावरचा आकडा नेहमीसारखाच एकाने वाढवला. माझ्याशी ती आठ दिवस बोलली नाही, मग बोलायला लागली. रोजचं काम होतं, न बोलून चालणार कसं?

आषाढाच्या झडीत, फळ्यावर १०६९ होतं त्या दिवशी, नागपूरहून डॉ. फरहाना काझी आली. वय तिशीचं, पाठीवर तिच्याहून मोठी पेटी, आणि आल्याआल्या माझ्या मायक्रोस्कोपला तिने हात जोडले, म्हणून ती मला आवडली. पेटीत तीन वस्तू होत्या. एक जिवंत रक्त पडद्यावर दाखवणारा मायक्रोस्कोप. एक परजीवींचे वंश जुळवून बघणारं छोटं यंत्र. तिसरी कोपरापर्यंत येणारी करड्या रंगाची जाड बाही. तिच्या प्रयोगशाळेत या बाहीला लांबलचक नाव होतं, पण ती स्वतः ‘डासबाही’च म्हणायची.

“ही घातली की डास चावत नाही?” बिरजीने विचारलं.

“उलटं आहे मावशी,” फरहाना म्हणाली. “ही घातली की तुमच्या रक्तातल्या परजीवीला वाटते, आपण डासाच्या पोटात पोचलो.”

बिरजी माझ्याकडे बघून हसली. शहाणी माणसं नागपुरात राहिली आणि ही इकडे आली, असा त्या हसण्याचा अर्थ होता. पण फरहानाने मग जे सांगितलं, ते मी परजीवी बघण्यात जन्म घालवूनही असं कधी ऐकलं नव्हतं.

आपली पेशी एकाची दोन होते, दोनाची चार. मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरला की असं करत नाही. तो एकाच घरात राहतो आणि आतल्या आत त्याची केंद्रकं वाढत जातात, तीही आपापल्या चालीने. एकाचं दोनदा दुप्पट होऊन झालं तरी शेजारचं अजून पहिल्यातच. पंगतीत कुणी भरभर जेवतं, कुणी भाताशी खेळत बसतं, तसं. पण उठताना पंगत एकदम उठते. शेवटची फेरी सगळी केंद्रकं एकाच वेळी करतात, प्रत्येकाभोवती आपलं आपलं कवच चढतं, पेशी फुटते, वीस-तीस पिल्लं बाहेर पडतात आणि माणसाला हुडहुडी भरते. एका थेंबातल्या कोट्यवधी पेशींपैकी एकीत बसलेल्या या जिवाला मेंदू नाही, डोळे नाहीत, आणि तरी आता उठायचं हे साऱ्यांना एकदम कळतं. फरहानाच्या गुरूंचं आयुष्य ते कसं कळतं हे शोधण्यात गेलं. काही प्रथिनं कुलपाचं काम करतात, काही किल्लीचं, एवढं हाती लागलं, आणि त्यातलीच एक किल्ली या बाहीत होती.

“काही परजीवी पंगतीत बसतच नाहीत,” फरहाना म्हणाली. “तुम्ही त्यांना काय म्हणता, ताई?”

“कोर,” मी म्हटलं. चंद्राच्या कोरीसारखे दिसतात म्हणून. कोर ताप आणत नाही. ती रक्तात नुसती फिरते.

“फिरत नाही, वाट बघते. त्यात नर असतात, माद्या असतात. नराच्या आत सगळी तयारी करून ठेवलेली असते, फक्त कुलूप लागलेलं. आपल्या अंगाची ऊब हे त्याचं कुलूप. डासानं रक्त ओढलं की ते थंड होते, डासाच्या पोटातलं एक रसायन किंवा बाहेरची हवा लागते, आणि कुलूप उघडते. मग बघा, तो फुगून गोल होतो आणि दहा-बारा मिनिटांत आपली सगळी गुणसूत्रं तीनदा नकलून काढतो. एकाचे दोन, चार, आठ. आपल्या पेशीला एकदा नकलायला सात-आठ तास लागतात.”

“दहा मिनिटांत?”

“दहा-बारा. मी तर म्हणते, आपल्याला माहीत असलेल्या साऱ्या सृष्टीत एवढी घाई कोणाला नसेल.”

डासबाही हीच घाई वापरते. पेशंटला ते रसायन असलेली गोळी द्यायची आणि हात बाहीत घालायचा. हातातून जाणारं रक्त बाही थोडं थंड करते, पाऊण तासात अंगातलं सगळं रक्त तिथून फिरून जातं. कोरींना वाटतं, डास आला. त्या कुलूप उघडून लाल पेशीच्या बाहेर पडतात, आणि बाहेर असतो तोच माणूस. उघड्यावर आलेल्यांना आपल्या रक्तातले पहारेकरी फाडून टाकतात. ताप नसलेली, आजारी न दिसणारी, पण वर्षानुवर्षं कोर बाळगणारी माणसं शोधून त्यांना बाही घालायची, म्हणजे डासाला माणसाकडून काही मिळणारच नाही. ताप न येता कोर बाळगणारं माणूस सापडणं मात्र कठीण, कारण ते दवाखान्यात येतच नाही.

“आधी मायक्रोस्कोप लावून घेऊ,” फरहाना म्हणाली. “कोरं रक्त मिळेल? काहीच नसलेलं?”

मी हात पुढे केला. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. घट्टा पडलेल्या बोटाला टोचलं, काचेवर थेंब घेतला, वर पातळ झाकण ठेवलं. तेवढ्यात बिरजीने चहा आणला. काच उघडी ठेवली तर मुंग्या येतात, रक्त त्यांना गुळासारखंच लागतं, म्हणून मी काचेवर स्टीलची वाटी पालथी घातली. चहा पिताना फरहानाने तिच्या आईच्या गुडघ्यांचं सांगितलं, मी माझ्या भाचीच्या लग्नाचं. पंधरा मिनिटं गेली असतील. मग तिने काच उचलून मायक्रोस्कोपखाली सरकवली. त्याचा कॅमेरा आख्ख्या थेंबात कुठे हालचाल आहे ते स्वतःच शोधतो. जिथे काहीच नाही तिथे काहीच नाही असं तो सांगतो का, हे तिला बघायचं होतं.

कॅमेरा थोडा फिरला आणि थांबला.

पडद्यावर लाल पेशी शांत पहुडल्या होत्या. मधे एक गोल ठिपका होता, आणि तो थरथरत होता. उकळायच्या आधी दुधाची साय थरथरते ना, तसा. मग त्यातून एक दोरा बाहेर आला. आणखी एक. मोजायच्या आत आठ झाले. आठ चाबूक, प्रत्येक स्वतंत्र, असे काही उसळत होते की आजूबाजूच्या लाल पेशी धक्के खाऊन बाजूला होत होत्या. एक दोरा तुटून सुटला आणि वळवळत पडद्याच्या बाहेर निघून गेला. कुणाला तरी शोधायला चालला होता तो.

एकतीस वर्षांत मी दोन लाखांवर काचा वाचल्या असतील. सगळ्या वाळवलेल्या, रंगवलेल्या, मेलेल्या. मी मलेरियाला जिवंत कधी बघितलंच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. एवढं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि हे मी पूर्ण शुद्धीवर राहून लिहितेय. काय ती घाई! वाटीखालच्या गारव्याला आणि हवेला तो डास समजला होता. काचेच्या तुकड्यावर, सरकारी दवाखान्यात, तो आपलं लग्न लावायला निघाला होता.

“ताई,” फरहाना हळूच म्हणाली, “काच बदलली तर नाही ना?”

“नाही.”

“मग हे रक्त...”

“माझं आहे,” मी म्हटलं. तेव्हा कुठे ते मला ऐकू आलं.

पुढचा तास मी नीट आठवू शकत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मला इथे सहा-सात वेळा ताप आला होता, तो आठवला. मग येईनासा झाला. मी म्हणायची, इथलं पाणी मला मानवलं. पाणी कसलं मानवतंय! माझ्या अंगाने परजीवीशी तडजोड केली होती, तू मला ताप देऊ नको, मी तुला बाहेर काढत नाही. आणि माझ्या क्वार्टरमधला डास बिरजीच्या घरात जायला किती वेळ लागतो? मधे कुडाचं एक कुंपण आहे, तेही माझ्याच वेलाने भरलेलं.

तरीही मला खात्री हवी होती. तापाच्या प्रत्येक पेशंटचा एक रक्ताचा ठिपका आम्ही टीपकागदावर जपून ठेवतो. लालसू, बिरजी आणि सोमी, तिघांचे ठिपके मीच काढून फरहानाला दिले आणि म्हटलं, माझ्या रक्ताशी जुळवून बघ. तिच्या पेटीतल्या यंत्राला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी रंगाच्या सगळ्या बाटल्या पुसून ओळीत लावल्या, मग परत काढून परत लावल्या.

“चौघांत एकच वंश आहे,” फरहाना म्हणाली. “नदीपलीकडचे नमुने माझ्याकडे आहेत, त्यांच्याशी जुळत नाही. हा इथला आहे, ताई. खूप जुना. बाहेर आता कुठे सापडतही नाही. तुमच्यातच राहिला असावा.”

मी रंगाची शेवटची बाटली ओळीत ठेवली. तीच पुढे म्हणाली, “माझ्या अहवालात नावं नसतात, फक्त नंबर. बाही आत्ता घाला, मलेरियाच्या गोळ्या तीन दिवस घ्या, संपलं. रजिस्टर तुमचं काम आहे. मी त्यात बोलणार नाही.”

ती भली मुलगी आहे, मला वाट करून देत होती. मी बाहेर फळ्याकडे बघितलं. १०६९. सव्वीस दिवस राहिले होते. सकाळीच जिल्हा हिवताप अधिकारी गव्हाळे साहेबांचा फोन आला होता, मलेरियामुक्तीच्या कार्यक्रमाच्या मंडपाचं ठरलंय, भांडेकर मॅडम, तुमचा सत्कार पहिला. तीन वर्षं सगळ्या तालुक्याने मच्छरदाण्या लावल्या, डबकी बुजवली, दर आठवड्याला टाक्या उपसल्या. हे सगळं माझ्या एका नावाने मोडायचं? पाऊण तासात माझ्या कोरी संपणारच होत्या. मग तालुका खरोखरच मुक्त होणार होता, फक्त कागदाने दिवस आधीपासून मोजले, रक्ताने आजपासून. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मन सांगत होतं, आणि मन चांगलं वकील असतं.

तेवढ्यात बिरजी कप न्यायला आली. तिने पडद्याकडे बघितलं. फरहानाने चित्रण चालूच ठेवलं होतं.

“हे काय नाचून राह्यलं?” तिने विचारलं.

मी तिला खुर्ची दिली. ती माझ्या खुर्चीवर कधी बसत नाही, त्या दिवशी बसली. मी तिला सगळं सांगितलं. वाटी, काच, कोर, माझे जुने ताप, तिघांचे ठिपके. लपवलं काही नाही. सांगून झाल्यावर म्हटलं, “तू नाही आणला ताप. तुमच्या घरी मीच दिला. तू नाही गेली म्हणून सांगत होती, आन् मी आयकलं नाही. माझी चूक झाली, बिरजी.”

ती पडद्याकडे वळली. आठ दोरे उसळत होते.

“हे तुझ्या अंगात?”

“हो.”

“न् माझ्या लालसूच्या, न् सोमीच्या अंगात गेलं ते याचंच?”

“त्याच वंशाचं.”

“मी दोन साल नाही गेली माहेरी,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. “माझ्या मायच्या डोळ्यात फूल पडलं. मागच्या साली अंदुक दिसे, आता दिसतच नाही. फोनवर रोज म्हणे, येऊन जा, तुझं तोंड पाहू दे. मी म्हणो, मॅडम नाही म्हणते, ताप येते. आता मी गेली तरी माय मले पाहणार नाही ना, मॅडम.”

मी रडले. साठीला आलेली बाई रडताना चांगली दिसत नाही, पण रडले. बिरजी रडली नाही. तिने पदराने माझं तोंडही पुसलं नाही. पडद्याकडे बोट दाखवून फरहानाला विचारलं, “हे मारायचं ते बाही कुठं आहे? आन.”

बाही थंड असते, पण सोसवेल इतकी. विहिरीत हात घातल्यासारखं वाटतं. मनगटापाशी एक छोटी खिडकी आहे, तिच्यातून प्रकाश आत जातो आणि खालच्या बारीक रक्तवाहिन्या पडद्यावर दिसतात. मी गोळी घेतली. अर्ध्या तासाने फरहानाने बाही चालू केली. बिरजी माझ्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली, हात कमरेवर.

पहिली दहा-बारा मिनिटं काही नाही. लाल पेशी एकामागे एक निघाल्या होत्या, बाजाराच्या दिवशी पायवाटेने माणसं निघतात तशा. मग त्या गर्दीत एक ठिणगी लुकलुकली आणि वाहून गेली.

“एक,” फरहाना म्हणाली.

मग दुसरी. मग बऱ्याच. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक कोर, कुलूप उघडून, तीनदा स्वतःची नक्कल करून, आठ होऊन बाहेर पडलेली. माझ्याच हातात, माझ्या डोळ्यांसमोर. कदाचित मी नोकरीला लागले त्या साली जी घाण माझ्या रक्तात शिरली, तिची ही लेकरंनातवंडं. महिनोन्‌महिने प्रत्येक कोरीने याच दहा मिनिटांची वाट बघितली होती, आणि मी तिला फसवत होते. मला त्यांची कीव आली म्हटलं तर तुम्ही हसाल. मलाही हसू आलं. पण हात आपोआप स्थिर राहिला, जणू कुणाचं काही मोडू नये. ज्याने माझ्या शेजारणीचं घर तीनदा तापवलं, त्याच्यापुढे मी तोंडात बोट घालून बसले होते. हे दोन्ही खरं आहे आणि ते मला एकमेकांत मिसळता येत नाही.

“एवढुसं जीव,” बिरजी हळू आवाजात म्हणाली, “न् याले कोनं शिकवलं?”

फरहाना म्हणाली, “मावशी, आम्ही तेच शोधून राह्यलो.”

“सापडलं तर मलेही सांगजो.”

पाऊण तासाने ठिणग्या थांबल्या. पडद्यावर आता फक्त रक्त होतं.

मी बाही काढली, हात पुसला आणि गव्हाळे साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “मॅडम, नीट बघितलंत ना? एखादा धूलिकण वगैरे?”

“धूलिकण शेपट्या हलवत नाही, साहेब.”

“तुम्ही मूळच्या ब्रह्मपुरीच्या ना? मधे कुठे गेला असाल. ‘बाहेरून’ होऊ शकतं. विचार करून कळवा.”

“वंश जुळवलाय. कळवलं, साहेब,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. गेली तीन वर्षं मी ज्यावर भांडायला हवं होतं त्यावर भांडले नव्हते. ते भांडण तिथे झालं, एका वाक्याचं.

मग रजिस्टर काढलं. जुन्या पानांवरचे तिन्ही ‘बाहेरून’ लाल शाईने खोडले, बाजूला दुरुस्ती लिहिली आणि सही केली. बिरजीच्या स्वतःच्या तापापुढेही आणि लालसूच्या तापापुढेही. सोमीचा खोडताना पेन दोनदा अडलं. शेवटी नवी ओळ. नाव: सुलोचना भांडेकर. वय: सत्तावन्न. ताप: नाही. रकान्यात एक शब्द लिहिला.

बिरजी खांद्यावरून बघत होती. “काय लिहिलं?”

“स्थानिक.”

“हा तर फळ्यावरचा शब्द आहे. रोज पाहतो. म्हणजे काय होते?”

तीन वर्षं रोज तिने त्या शब्दापुढे आकडा लिहिला होता आणि मी तिला कधी अर्थ सांगितला नव्हता. “इथलीच,” मी म्हटलं. “बाहेरची नाही. इथलीच.”

“एकतीस साल झाले तुले इथं,” ती म्हणाली. “आता लिहून राह्यली?”

दुसऱ्या दिवशी झड उघडली होती. मी आठ वाजता केंद्रावर आले, तर बिरजी फळ्यापुढे ओला फडका घेऊन उभी होती. पायांत चपला, काखेत पिशवी. तिने १०६९ पुसलं. इतकं नीट पुसलं की खडूची पांढुरकीही राहिली नाही. मग मोठं गोल शून्य काढलं. तिची शून्यं नेहमीच सुंदर असतात.

मग माझा डावा हात धरून तिने खडू त्यात ठेवला. घट्ट्याच्या बोटावर तिचा अंगठा क्षणभर थांबला.

“उद्यापासून तू लिहीत जा,” ती म्हणाली. “मी मायकडं चालली.”

“कधी येशील?”

“माय तोंड नाही पाहू शकत. हातानं पाहीन ते. हातानं पाहाले वेळ लागते.”

ती नदीकडे निघाली. मी तिला वळणापर्यंत बघितलं.

नव्या रंगाची बाटली परवा आली. कोरी काच करायला मी फरहानाचं रक्त घेतलं, आणि रंग बघायच्या आधी ती पूर्ण वाचली, दहा मिनिटं, ओळ न ओळ. आज फळ्यावर मी सतरा लिहिलं. माझा सात तिच्यासारखा जमत नाही. बिरजी अजून आलेली नाही.